बॅनरवरचे अकरा फोटो

बाई,

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तुमच्या भावाने माझ्या हातात माइक दिला आणि मी "बाई फार चांगल्या होत्या" एवढंच बोलून खाली बसलो. हॉल तुमच्या जुन्या विद्यार्थिनींनी भरलेला होता. त्यातली एक हसलीसुद्धा. हा जनार्दन भोईर बाईंसमोर पाच मिनिटांच्या आत कधी गप्प बसलाय का, असंच तिच्या मनात आलं असणार. खरंच आहे ते. नऊ वर्षं आपण भांडलो. पण भांडायला समोर माणूस लागतं, आणि समोर तुमचा हार घातलेला फोटो होता.

आम्ही घरी आलो. दारात चप्पल काढताना ऋतुजा म्हणाली, "पप्पा, एवढंच बोललात?" माझी लेक रागावली की आवाज चढवत नाही, उतरवते. हे तिने तुमच्याकडूनच उचललंय.

म्हणून हे लिहितोय. मी रेती-सिमेंटचा माणूस. पण नऊ वर्षांत जे तोंडातून निघालं नाही, ते कागदावर निघतंय का बघतो.

सुरुवात बॅनरपासूनच करायला हवी. ऋतुजाचा दहावीचा निकाल लागला तेव्हा आमच्या खानदानात पहिल्यांदा कुणाला नव्वदच्या वर टक्के पडले होते. आमच्याकडे आनंद झाला की माणूस आधी पेढेवाल्याकडे जात नाही, बॅनरवाल्याकडे जातो. वाढदिवस, हळद, नवी गाडी, क्रिकेटची फायनल, सगळ्याला बॅनर. मी मानपाड्याच्या चौकात भलामोठा बॅनर लावला. वर लाल अक्षरांत 'भावी डॉक्टर कु. ऋतुजा जनार्दन भोईर हिचे हार्दिक अभिनंदन'. खाली मी, माझा भाऊ हरेश, वडिलांचा हार घातलेला फोटो, दोन मामा, चुलते, मंडळाचा अध्यक्ष, व्यायामशाळेचा मालक, दोन पुढारी, आणि कोपऱ्यात स्वतः बॅनरवाला. ऋतुजाचा शाळेच्या ड्रेसमधला फोटो मध्ये कुठेतरी, पापडाएवढा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही घरी आलात. तोवर मला तुमच्याबद्दल एवढंच माहीत होतं, की तुम्ही ऋतुजाच्या विज्ञानाच्या वाघमारेबाई, आणि शनिवारी शाळा सुटल्यावर मुलींना थांबवून घेता. घरातली बिघडलेली वस्तू आणायची, खोलायची, आत काय आहे ते बघायचं आणि परत लावायची, हा तुमचा शनिवारचा तास. निघालेले स्क्रू अंड्यांच्या ट्रेमध्ये ओळीने ठेवायचे, म्हणजे लावताना उलट्या ओळीने सापडतात. आमच्या घरात या तासाचा बोलबाला वेगळ्याच कारणाने झाला होता. ऋतुजाने एकदा माझ्या आईचा मिक्सर खोलला. तो बिघडलेला नव्हता, नवा होता, आणि दुसऱ्या दिवशी गौरी जेवायच्या होत्या. आई ओरडत होती, "नवा मिक्सर खोल्ला गो या पोरीनं! आता वाटण कशात करू?" मिक्सर परत लागला, पण एक स्क्रू ट्रेमध्ये उरला. तो कुठला, हे शोधायला ऋतुजाने तो सगळा पुन्हा खोलला. वाटण शेवटी पाट्यावर झालं.

तुम्ही बसलात. आईने चहा आणला. मला कपात, तुम्हाला स्टीलच्या पेल्यात. तो पेला आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. तुमचं आडनाव ऐकल्यावर, तुम्ही ठाकुर्लीच्या चाळीतल्या, बौद्ध घरातल्या, हे कळल्यावर आईने तो काढला. तुम्ही बघितलंत. मीही बघितलं. आणि आपण दोघं चहा प्यायलो, जसं काही झालंच नाही.

मग तुम्ही म्हणालात, "भोईर, रिक्षातून येताना तुमचा बॅनर बघितला. फोटो मोजले. अकरा पुरुष आहेत. निकाल नक्की कोणाचा लागलाय?"

मी म्हणालो, "अहो बाई, आमच्यात पद्धत असते तशी."

"हिच्या आईचा फोटो नाही दिसला."

"तिला नाही आवडत."

"विचारलंत?"

मी विचारलं नव्हतं. आमची ही आतल्या दारात उभी होती, ती पटकन आत गेली.

त्यानंतर तुम्ही जे केलंत, ते मी पुढे कितीदा तरी बघितलं, पण पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला काही कळलं नाही. तुम्ही ऋतुजाला विचारलंत, "तुला काय शिकावंसं वाटतं गं?" आणि विचारून झाल्यावर दोन्ही हातांच्या मुठी मांडीवर ठेवल्यात. मग एकेक बोट उघडायला लागलात, सावकाश. एक. दोन. तिसरं बोट उघडलं आणि मी बोललो, "डॉक्टर व्हायचंय तिला. ठरलंय आमचं."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत, तीन बोटं तशीच उघडी ठेवून. "मुलीला प्रश्न विचारला की मी दहा बोटं थांबते, भोईर. वर्गात मुलगे पहिल्या बोटाला ओरडतात, उत्तर येवो न येवो. मुलींचं उत्तर उशिरा येतं. त्यांना आधी बघून घ्यायचं असतं, कोणी हसणार नाही ना, कोणी रागावणार नाही ना. मधेच दुसरं कोणी बोललं की मग त्या बोलतच नाहीत."

ऋतुजा फरशीकडे बघत होती. खरंच, ती काहीच बोलली नाही. तुम्ही गेल्यावर मी घरात सांगितलं, की बाई जरा जास्तच शहाण्या आहेत.

आठवड्याने तुम्ही परत आलात, कागद घेऊन. इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा. कारखान्यात दाब किती, उष्णता किती, टाकीत पातळी किती, हे दाखवणारी जी उपकरणं असतात त्यांचं शिक्षण, असं तुम्ही मला समजावून सांगितलंत. मी म्हणालो, "म्हणजे काटे बघत बसायचं."

"काटा खरं बोलतोय का, ते बघायचं. तो खोटं बोलला तर आख्खी कंपनी उडते."

मी नाही म्हणालो. तुम्हाला तेव्हा तीन-चार कारणं दिली, ती सगळी विसरून जा. खरी कारणं दोन होती. पहिलं म्हणजे बॅनर. चौकात आख्ख्या गावाने 'भावी डॉक्टर' वाचलं होतं. लोक ऋतुजाला हाक मारायला लागले होते, "काय डॉक्टरीणबाई!" आता तो शब्द गिळायचा कसा? आमच्यासारख्या माणसांना बॅनर लावता येतो, उतरवता येत नाही.

दुसरं कारण मी तेव्हा स्वतःशीही नीट बोललो नव्हतो. आमची भाताची शेतं औद्योगिक वसाहतीत गेली. वडील ज्या बांधावर लहानाचे मोठे झाले, तिथे कंपनीचं गेट आलं, आणि त्याच गेटवर ते वॉचमन म्हणून उभे राहिले, रिटायर होईपर्यंत. साहेबाची गाडी आली की गेट उघडायचं, गेली की लावायचं. आपल्याच शेतात. माझ्या डोक्यात कंपनी म्हणजे ते गेट होतं. पुढे जमिनीला भाव आला, मी धंदा केला, लोक शेठ म्हणायला लागले. आणि तुम्ही माझ्या मुलीला परत त्याच गेटवर पाठवायला निघाला होतात, असं मला वाटलं.

म्हणून मला राग आला आणि मी बोलू नये ते बोललो. म्हणालो, "बाई, एवढं चांगलं असतं ते, तर तुम्ही का नाही गेलात कंपनीत? तुम्ही तर मास्तरीणच झालात ना?"

तुम्ही पर्स उचललीत. कागद टेबलावर राहू दिलात. दारात आईला म्हणालात, "आई, चहात गवती चहा छान लागतो. कुठे लावलाय?" आई गोंधळून म्हणाली, "मागं हाय, मोरीजवळ." तुम्ही मागे जाऊन बघून आलात आणि गेलात. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळायला पाच वर्षं लागली.

ऋतुजाला मी कल्याणच्या कॉलेजात अकरावी सायन्सला घातलं, बायोलॉजी घेऊन, क्लासही लावले. ती नाही म्हणाली नाही. रोज जायची, रोज यायची. बारावीला बरे मार्क पडले, पण मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत ती खूपच मागे राहिली. त्या निकालाचा बॅनर लागत नाही.

त्यानंतर ती महिनाभर घरातून फारशी बाहेर पडली नाही. एक दिवस मी जेवायला घरी आलो तर ती हॉलमध्ये जमिनीवर बसून टेबलफॅन खोलत होती. बाजूला अंड्यांचा ट्रे. मला बरं वाटलं, म्हटलं, चला, हातात काम घेतलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "एवढं काय बिघडलंय त्यात?" ती म्हणाली, "काही नाही." पंखा चांगला चालत होता, बाई. ती तो खोलत होती, पुसत होती, लावत होती, चालू करून बघत होती, आणि पुन्हा खोलत होती. मी तिथून उठून गॅलरीत गेलो. बापाने मुलीसमोर रडायची आमच्यात पद्धत नाही.

तरीही मी तुम्हाला फोन केला नाही. सगळ्या गावात बोलणारा मी, तुमचा नंबर काढायचो आणि मोबाइल परत खिशात टाकायचो. शेवटी आईच म्हणाली, "त्या बाईंना फोन लाव. तुला जमत नसंल तं मना नंबर लावून दे, मी बोलतंय."

आईच बोलली. तुम्ही त्याच संध्याकाळी आलात. मी मनात तयारी करून बसलो होतो, की आता बाई म्हणणार, मी सांगत होते ना. माझी उत्तरंही तयार होती. तुम्ही तसलं काहीच म्हणाला नाहीत. ऋतुजाजवळ जमिनीवर बसलात, पंख्याची जाळी हातात घेतलीत आणि म्हणालात, "याचा कपॅसिटर बदललास का कधी?"

त्या दिवशी आईने तुम्हाला चहा कपात आणला. साधा कप नव्हे, माझ्या लग्नातल्या सेटमधला, सोनेरी काठाचा, जो मुंबईचे पाहुणे आले तरी निघत नाही. आमच्या घरात माफी मागायची रीत नाही, बाई. आमच्याकडे कप बदलतो. तुम्ही तो कप बघितलात, आईकडे बघितलंत आणि म्हणालात, "अजून थोडा आहे का?"

ऋतुजाने अठराव्या वर्षी डिप्लोमाला प्रवेश घेतला, पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांबरोबर. ती तिला पहिल्या दिवसापासून 'दीदी' म्हणायला लागली. ॲडमिशनला ठाण्याला तुम्हीच तिच्याबरोबर गेलात. मी गाडी घेऊन बाहेर थांबलो, कारण आत आलो तर मीच बोलेन, असं तुम्ही मला स्पष्ट सांगितलं होतं. तीन वर्षांनी ती पास झाली आणि आपल्याच वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत लागली.

तिच्या कामाच्या पहिल्या दिवशी मी तिला सोडायला गेलो. गाडीत तुमचा फोन आला. मला वाटलं, शुभेच्छा देणार असाल. तुम्ही म्हणालात, "ऋतुजा, आत गेल्यावर आधी लेडीज बाथरूम कुठे आहे ते बघ. नसेल तर मशीनला हात लावायच्या आधी साहेबाला विचार." ऋतुजा हसली. मीही हसलो. संध्याकाळी तुमच्याकडे पेढे घेऊन आलो तेव्हा थट्टेत म्हणालो, "बाई, पोर इंजिनियरिंगला गेली आणि तुम्हाला बाथरूमची पडलीय!"

तेव्हा तुम्ही सांगितलंत. तुमचे वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे मिस्त्रीच्या हाताखालचे. त्यांनी तुम्हाला घरात हत्यारं हाताळायला शिकवलं. तुम्ही एका कारखान्यात शिकाऊ म्हणून परीक्षा दिलीत, पास झालात, मुलाखतीला गेलात. सगळे प्रश्न झाले, आणि शेवटी समोरचा माणूस म्हणाला, मुली, सगळं ठीक आहे, पण इथे बायकांसाठी बाथरूम नाही. झालं. त्या वर्षी तुम्ही बी.एड.चा फॉर्म भरलात. "म्हणून मी मास्तरीण झाले, भोईर," असं म्हणून तुम्ही पेढा खाल्लात. पाच वर्षांपूर्वीचा माझा शब्द तुम्ही जसाच्या तसा जपून ठेवला होता. मी तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "आणखी एक पेढा घ्या ना." कपच बदलला मी.

आणि त्याच दिवशी सकाळी दुसरंही एक झालं होतं, ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. ऋतुजाची कंपनी तीच होती, बाई. वडिलांच्या गेटची. मालक बदलला, नाव बदललं, गेट तेच. वॉचमनने तिचं कार्ड बघितलं आणि गेट उघडलं. ती आत चालत गेली. मी गाडीत बसून बघत राहिलो, मागून ट्रकवाला हॉर्न मारत होता तरी.

आपलं भांडण त्यानंतर थांबलं असं नाही. मी म्हणायचो, आता तिने कंपनीतच ऑफिसला बसावं, वर्दी घालून पाइपांवर चढू नये. तुम्ही म्हणायचात, "तिला विचारलंत?" शीळफाट्याकडचं एक चांगलं स्थळ आलं, पण त्यांना नोकरी चालणार नव्हती. मी म्हणायचो, घर मोठं आहे. तुम्ही म्हणायचात, "तिला विचारलंत?" मला या दोन शब्दांचा एवढा वैताग आला होता, की एकदा मी म्हणालो, बाई, तुमच्या घराच्या पाटीवर हेच लिहून टाका. माझ्या गोडाऊनमधल्या बिघडलेल्या ड्रिल आणि पाण्याचे पंप मात्र मी शनिवारच्या तासाला पोचवत राहिलो. तुम्ही ते पंप मुलींकडून दुरुस्त करून परत पाठवायचात आणि माझे मिस्त्री तोंडात बोट घालायचे. तुमच्या त्या ट्रेंसाठी आमच्या नाक्यावरचा अंडेवाला माझ्यासाठी रिकामे ट्रे बाजूला काढून ठेवायला लागला होता.

शेवटची भेट तुमच्या ठाकुर्लीच्या घरी झाली. तुम्ही पलंगावर, आवाज बारीक झालेला, पण डोळे तेच. ऋतुजा आत तुमच्या भावाशी औषधांचं बोलत होती. तुम्ही मला जवळ बोलावलंत. "भोईर, मी गेल्यावर तुम्ही चौकात माझा बॅनर लावणार, मला माहीत आहे."

"काहीतरीच काय बोलता?"

"लावणार तुम्ही. नका लावू. आणि लावलात, तर त्यात तुमचा फोटो नको."

आपण दोघं हसलो. तुम्हाला हसताना खोकला आला. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्या क्षणी मला बोलता आलं असतं. खोलीत आपण दोघंच होतो. पण मी तुमचं पाणी पिऊन होईपर्यंत थांबलो, मग ऋतुजा बाहेर आली, मग तुमची औषधाची वेळ झाली, आणि मग आम्ही निघालो. पंधरा दिवसांनी तुमच्या भावाचा फोन आला.

बॅनर मी लावला नाही. शब्द पाळला.

पण आता परवाचं सांगतो. दहावीचा निकाल लागला. हरेशची मुलगी तन्वी पास झाली, चांगल्या मार्कांनी. आम्ही एकाच इमारतीत राहतो, तो खाली, मी वर. संध्याकाळी मोबाइलवर त्याने बॅनरचं डिझाइन पाठवलं, बघून सांग म्हणाला. 'भावी आयटी इंजिनियर कु. तन्वी'. आता काळ बदललाय ना, डॉक्टर जाऊन आयटी आलंय. मी फोटो मोजायला लागलो. तेरा पुरुष. दुसऱ्या ओळीत चौथा मी, गॉगल लावून.

मी खाली गेलो. हरेश म्हणाला, "दादा, तो थांबलाय, प्रिंटला टाकायचंय. फोटो ठीक हाय ना तुझा?"

मी तन्वीला हाक मारली. विचारलं, "तुला काय शिकायचंय गं?" आणि सोफ्यावर बसून दोन्ही मुठी मांडीवर ठेवल्या.

पहिल्या बोटाला ती वडिलांकडे बघायला लागली. दुसऱ्या बोटाला हरेश म्हणाला, "आयटी, आनि काय?" मी त्याच्याकडे न बघता म्हणालो, "तू गप." पाचव्या बोटाला मलाच राहवेना. दहा बोटं किती लांब असतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं, बाई. तुम्ही आयुष्यभर वर्गात हे कसं केलंत? सातव्या बोटाला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. आठव्याला बोलली.

"काका, आपल्या बोअरच्या पाण्याला वास का येतो, ते मला शोधायचंय. त्याला काय शिकायला लागतं, ते अजून मला नाय माहीत."

हरेश म्हणाला, "वास तं पहिल्यापासून येतोय."

"म्हणून तर," तन्वी म्हणाली.

मी वर आलो आणि ऋतुजाला सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग मी तिला नऊ वर्षांनी विचारलं, "तेव्हा बाईंनी तुला विचारलं होतं आणि मी मधे बोललो. मी थांबलो असतो, तर तू काय म्हणाली असतीस?" आणि तिच्यासाठीही मी बोटं उघडत बसलो. दहाच्या दहा उघडली. ती विचार करत होती.

"खरं सांगू, पप्पा? कदाचित डॉक्टरच म्हणाले असते," ती म्हणाली. "मलाच माहीत नव्हतं तेव्हा. पण मी म्हणाले असते."

बाई, मी नऊ वर्षं समजत होतो की माझी चूक निवडीची झाली. डॉक्टर म्हणालो, ते डिप्लोमा म्हणायला हवं होतं. तुम्ही 'तिला विचारलंत?' म्हणायचात तेव्हा मला वाटायचं, तुम्ही तुमची निवड पुढे रेटताय. तुम्ही तर रेटतच नव्हतात काही. तुम्ही फक्त जागा धरून ठेवत होतात तिच्या उत्तरासाठी, आणि मी दर वेळी त्या जागेवर जाऊन बसत होतो.

आता कप बदलून भागवणार नाही. माझं चुकलं, बाई. माझ्या मुलीची दोन वर्षं माझ्यामुळे गेली. तुम्हाला मास्तरीण म्हणून टोचून बोललो, तेही चुकलं. तो स्टीलचा पेला बघून मी गप्प बसलो, ते सगळ्यात आधी चुकलं. आणि तुम्ही एवढं होऊनही आमच्या घराची पायरी पुन्हा चढलात, त्याबद्दल तुमचे पाय धरायला हवे होते, ते राहिलं. ऋतुजाने हे वाचलं आणि माझ्या चष्म्याची सैल झालेली काडी घट्ट करून दिली.

बॅनरवाल्याला मी स्वतः फोन केला. म्हणालो, तन्वीचा सोडून सगळे फोटो काढ. तो म्हणाला, "शेठ, साहेबांचा पण?" म्हटलं, साहेबांचा पण, माझा पण, तुझा पण. तो जरा नाराज झाला. मग म्हणाला, "आणि 'भावी'च्या पुढे काय टाकू?" मी म्हणालो, भावीच काढून टाक. काय लिहायचं ते तन्वीने सांगितलं, तिच्याच शब्दांत.

आज सकाळी बॅनर लागला, मानपाड्याच्या चौकात, त्याच खांबांवर. 'तन्वी हरेश भोईर, दहावी पास. आमच्या बोअरच्या पाण्याला वास का येतो, ते शोधणार आहे.' सकाळपासून माझा फोन थांबलेला नाही. मंडळाचा अध्यक्ष रुसलाय. हरेश म्हणतोय, दादा, लोक हसतायत. पण दुपारी गोडाऊनवरून येताना मी गाडी थांबवली, तर शाळेच्या दोन मुली दप्तरं घेऊन बॅनरखाली उभ्या होत्या. एक दुसरीला म्हणत होती, "आमच्या पण पाण्याला येतो गं वास."

फोटो एकच आहे, बाई. या, मोजून जा.